अ‍ॅलर्जीच्या गोळीत काय आहे, ते सांगून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हळदीचे सौदे सुरू झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आवक किती, राजापुरी हळदीला दर काय निघाला, बाहेरचे व्यापारी कुठले आले, सगळं व्यवस्थित आलं आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर हिशेब लिहिते. या दिवसांत यार्डात आणखी एक गोष्ट चालते, तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. सौद्याच्या हंगामात संध्याकाळी काम सुटलं की हमाल, तोलणारे, हळदीचे पॉलिशवाले, टेम्पोवाले मेडिकलच्या काउंटरवर उभे राहतात आणि म्हणतात, "ती अ‍ॅलर्जीची गोळी द्या." चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या हातात पडतात. कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धंच राहतं.

मला स्वतःला दमा आहे, ही गोळी मीही घेतली आहे आणि तिचा गुण काय, मर्यादा काय हे मी भोगून शिकले आहे. म्हणून लिहिते.

गोळी वाईट नाही, हे आधी स्पष्ट सांगते. तिच्यात दोन औषधं असतात. एक लिव्होसेटिरिझिन, मोठ्या माणसाच्या गोळीत साधारण ५ मिलिग्रॅम. दुसरं मॉन्टेल्युकास्ट, १० मिलिग्रॅम. पेढीवर हळकुंड आणि गट्ठा, म्हणजे हळदीचा गोल कंद, एकाच पोत्यात आला तर व्यापारी बोली लावत नाही, आधी वेगळं करा म्हणतो. या गोळीकडेही तसंच वेगळं करून बघायला हवं. धूळ नाकात गेल्यावर शरीरात हिस्टामिन सुटतं. त्यानं शिंका येतात, नाक गळतं, डोळे खाजतात. लिव्होसेटिरिझिन ते अडवतं. मॉन्टेल्युकास्ट अडवतं ते वेगळंच रसायन, ल्युकोट्रीन. या ल्युकोट्रीनमुळं नाक चोंदतं, श्वासनळीला सूज येते, चिकट कफ होतो, नळी आवळते. म्हणजे दम्याशी थेट नातं असलं तर ते या दुसऱ्या औषधाचं. पहिल्याचं काम मुख्यतः नाक-डोळ्यांपुरतं.

दमा असलेल्या बहुतेकांना नाकाचीही अ‍ॅलर्जी असते. नाक बरं राहिलं की छातीलाही थोडा आराम पडतो, हे खरं. माझं तसंच झालं. गोळी सुरू केल्यावर सकाळच्या शिंकांची रांग थांबली, नाक मोकळं झालं, मला वाटलं आता सगळं ताब्यात आलं. पण पहाटे खोकल्यानं जाग यायची ती यायचीच. यार्डाच्या फाटकापासून पेढीपर्यंत चालताना धाप लागायची. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, त्यांनी पंपाचं, म्हणजे औषध श्वासावाटे ओढायच्या इन्हेलरचं, नावही काढलं नव्हतं. मी दर वेळी खोकला सांगितला की गोळीचं नाव बदलायचं, कधी तिच्यात कफ पातळ करणारं तिसरं औषध मिसळलेली पट्टी यायची, पण छातीतली घरघर तशीच.

शेवटी मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी यंत्रात जोरात फुंकायला लावलं, स्पायरोमेट्री म्हणतात ती तपासणी. मग पंप दिला, मग परत फुंकायला लावलं आणि दोन्हीतला फरक कागदावर दाखवला. त्यांनी सांगितलेलं मी इथं माझ्या शब्दांत देते, कारण हे यार्डातल्या प्रत्येकाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. दम्यात श्वासनळीला आतून कायम सूज असते. ती सूज उतरवण्याचं मुख्य औषध म्हणजे ओढून घ्यायचं स्टिरॉइड, बुडेसोनाइडसारखं. मॉन्टेल्युकास्ट त्याच्यापेक्षा कमी ताकदीचं आहे. ते जोडीला चालतं, काहींना उपयोगीही पडतं, पण पंपाच्या जागी बसत नाही. आणि दम लागलेला असताना तर ही गोळी काहीच कामाची नाही, त्या क्षणी तिची वाट बघत बसणं जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडे स्टिरॉइड म्हटलं की माणूस दचकतो. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय", ही वाक्यं मी आमच्या घरात, गल्लीत, यार्डात लहानपणापासून ऐकते आहे. मुलीच्या लग्नाचं बघताना पंप कपाटात लपवून ठेवणारी घरं मला माहीत आहेत. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, तोंडानं घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळीची मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात. औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून इतकं थोडं पुरतं. घेतल्यावर चूळ भरली की तोंड येण्याचा त्रासही टळतो. सवय लागत नाही. औषध थांबवलं की दमा परत डोकं वर काढतो, कारण तो मुळातच तिथं असतो.

निळा पंपही इथं सांगायला हवा. पुष्कळ जण फक्त सालबुटामॉलचा, तातडीनं नळी मोकळी करणारा पंप जवळ ठेवतात. धाप लागली की ओढायचा, बरं वाटलं की विसरायचा. जागतिक पातळीवर दम्याच्या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या 'जिना' या संस्थेनं २०१९ पासून हे बदलायला सांगितलं आहे. मोठ्या माणसांनी आणि वयात येणाऱ्या मुलांनी नुसत्या अशा पंपावर राहू नये, सुजेवरचं औषध सोबत हवंच. ही गोष्ट इतक्या वर्षांनंतरही आमच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोचलेली दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता सांगली जिल्ह्याची हवा. इथं सगळ्याच धुळीला, धुराला "अ‍ॅलर्जी" म्हणायची पद्धत पडली आहे, आणि म्हणून सगळ्यावर तीच गोळी. पण पॉलिशच्या ड्रममधून उडणारी पिवळी धूळ, बेदाण्याच्या शेडमधली गंधकाची धुरी, उसाच्या फडातल्या पेटवलेल्या पाचटाचा धूर, हे प्रकार वेगवेगळे आहेत. गंधक जाळलं की सल्फर डायऑक्साइड होतो. तो नळीला थेट झोंबतो. दम्याच्या माणसाची नळी त्यानं लगेच आवळते. तिथं हिस्टामिन अडवणारी गोळी घेऊन काय होणार? तासगावकडच्या बेदाणा शेडवर काम करणारी माझी मावसबहीण ही गोळी घेऊन धुरीच्या वेळी आत जायची. गोळी घेतली म्हणजे आपण सुरक्षित, ही तिची समजूत. हीच मला सर्वांत धोक्याची वाटते. धुरीच्या वेळी दम्याच्या माणसानं शेडमध्ये थांबायचंच नाही, एवढंच तिथलं औषध आहे. तोंडाला बांधलेलं उपरणं किंवा ओढणी बारीक धूळ थोपवत नाही, वायू तर मुळीच नाही.

पुराचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत परत घरात पाणी शिरलं. पाणी ओसरलं, पण गावभागातल्या आमच्यासारख्या जुन्या भिंतींच्या घरांत ओल राहिली आणि ओलीबरोबर बुरशी आली. माझा दमा तिथून चिघळला. भिंत खरवडून, कोरडी करून परत गिलावा केल्यावर मला जो फरक पडला, तो कुठल्याही पट्टीनं पडला नव्हता.

आता या गोळीचे जे त्रास कुणी सांगत नाही, ते. लिव्होसेटिरिझिननं झोप येऊ शकते. सगळ्यांना येत नाही, पण ज्यांना येते त्यांना चांगलीच येते, आणि वर दारू घेतली तर गुंगी वाढते. आमच्या पेढीवर माल आणणारा एक टेम्पोवाला सकाळी गोळी घेऊन जतच्या रस्त्याला लागायचा. झोप अनावर व्हायची म्हणून गाडी कडेला घ्यायची वेळ त्याच्यावर आली. त्याला कुणीतरी काउंटरवरच "गाडी चालवता का?" एवढं विचारायला हवं होतं. शिवाय हे औषध बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते, मूत्रपिंड निकामी झालेल्यांनी तर घ्यायचंच नाही. यार्डातले मधुमेहाचे जुने रुग्ण हे जाणतात का?

आणि सर्दीची वेगळी पट्टी सोबत घेतली तर तिच्यातही बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिनसारखं झोप आणणारं त्याच जातीचं औषध असतं. म्हणजे नाव दोन, काम एक, गुंगी दुप्पट. मिश्र गोळीत काय काय आहे हे न कळण्याचा हा थेट तोटा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं अशा १५६ ठरावीक मिश्रणांवर बंदी घातली, त्यात सर्दी-अ‍ॅलर्जीवरची काही होती. मी म्हणते ती जोडगोळी आजही विकली जाते आणि डॉक्टर ती योग्य जागी देतात, त्याला माझा विरोध नाही.

मॉन्टेल्युकास्टबद्दल तर प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं. आमच्या वाड्यात एका शाळकरी मुलाला त्याची चघळायची गोळी सुरू होती. पोरगं रात्री किंचाळत उठायचं, दिवसा चिडचिड करायचं, कोपऱ्यात बसून राहायचं. घरच्यांनी दृष्ट काढली, शाळेत कुणी मारतं का विचारून झालं. पुढे डॉक्टर बदलले, त्यांनी औषधांची यादी बघून आधी हीच गोळी थांबवली आणि पंप सुरू केला. रात्री शांत झाल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मार्च २०२० मध्ये या औषधावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला आहे: भयानक स्वप्नं, अस्वस्थपणा, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे त्रास होऊ शकतात. नुसत्या सौम्य नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी, इतर औषधांनी भागत असेल तर, हे औषध टाळावं असंही त्यांनी सांगितलं आहे. हे त्रास सगळ्यांना होत नाहीत, पुष्कळ लोक ते वर्षानुवर्षं विनातक्रार घेतात. पण झाले तर ते गोळीमुळे असू शकतात हे घरात ठाऊक असेल, तरच कुणीतरी डॉक्टरांना फोन करील.

मात्र हे वाचून कुणी आपणहून गोळी बंद करू नये. दम्याचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडलं की दमा उसळतो. लिव्होसेटिरिझिन फार दिवस रोज घेऊन एकदम थांबवल्यावर काही थोड्या लोकांना अंगभर जबर खाज सुटते, असा इशाराही मे २०२५ मध्ये याच प्रशासनानं दिला आहे.

मेडिकलवाल्या बंधूंना माझी विनंती आहे. या पट्टीवर कायद्यानं छापलेलं असतं की नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. ते पाळा. पट्टी कापताना नाव आणि तारीख गिऱ्हाइकाकडे राहील अशी कापा. डॉक्टरांनी गोळी लिहिताना "रात्री खोकल्यानं जाग येते का, चालताना दम लागतो का" एवढं विचारावं, आणि उत्तर हो आलं तर पंप लिहून तो ओढायचा कसा हे समोर करून दाखवावं. चुकीचा ओढलेला पंप घशातच राहतो, मग लोक म्हणतात पंपाचा गुण येत नाही. बाजार समितीनं सौदे सुरू व्हायच्या आधी हमाल आणि पॉलिशवाल्यांसाठी फुंकण्याच्या तपासणीचं शिबिर घ्यावं. मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, डॉक्टर दूरचे आणायला नकोत. ड्रमजवळ काम करणाऱ्यांना धूळ अडवणारे मास्क पेढ्यांनी द्यावेत. आमच्या पेढीच्या मालकांकडे मी हे मागितलं आहे आणि ते तयार आहेत.

आपल्याकडे एकच मागणं. आरोग्याच्या पानावर एक चौकट छापा. दोन्ही औषधांची नावं मराठीत, मोठ्या अक्षरांत, कोणतं कशासाठी, कुणी जपून घ्यायचं, आणि धाप लागली तर गोळी नव्हे तर पंप आणि दवाखाना. यार्डात चहाच्या गाड्याजवळ दराचा फलक आहे, तिथं पहाटेपासून गर्दी असते. ते कात्रण त्या फलकावर लावण्याची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवण्याची जबाबदारी मी घेते.

आपली,
मार्केट यार्डातील एक हिशेबनीस,
सांगली