मटण सोडलं साहेब, पण डाळ कुठंय?

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला साडेचार एकरवाला शेतकरी आहे. तुम्हाला मी आठवणार नाही, पण तुम्ही मला चांगले आठवता.

सप्टेंबरात पोषण महिन्याच्या कार्यक्रमाला तुम्ही आमच्याकडं आला होतात. शाळेच्या पटांगणात मंडप होता, अंगणवाडीच्या ताईंनी मोडाची मटकी, राजगिऱ्याचे लाडू, शेवग्याच्या पाल्याचे पराठे असं सगळं टेबलावर मांडलेलं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तुम्ही माईकवर म्हणलात की मटणावर पैसे घालण्यापेक्षा डाळी खा, सोयाबीन खा, मराठवाडा म्हणजे डाळीचं कोठार आहे, आणि दिवाळीपासून रेशनच्या दुकानात सगळ्या कार्डांवर तूरडाळ द्यायला लावतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, मनापासून वाजवल्या, कारण मला त्या डाळीची खरंच गरज होती.

दिवाळी होऊन महिना झाला. परवा रविवारी पिशवी घेऊन दुकानात गेलो. दुकानदार अंगठ्याचं मशीन पुसत बसला होता, म्हणला कसली डाळ, वरून काही पत्रच नाही. माझ्या मागं एक म्हातारी उभी होती, तिनं तरी विचारलंच, "दाळ आली का रं बाबा?" नाही म्हणल्यावर तिनं पिशवीची घडी घातली, कमरेला खोचली आन् काहीच न बोलता निघून गेली. मला ते बघवलं नाही म्हणून हे पत्र लिहायलोय.

आता मला डाळीची एवढी गरज का ते सांगतो. फेब्रुवारीत माझ्या वडिलांना, आबांना, अटॅक आला. लातूरला नेलं, स्टेंट टाकली, कर्ज झालं, ते जाऊ द्या. डॉक्टरांनी डिस्चार्जच्या दिवशी समोर बसवून नीट समजावलं की मटण महिन्यातून एखाद्या वेळी, ते पण चरबी काढून, रश्श्यावरचा तवंग अजिबात नको, पण अंगात ताकद राहिली पाहिजे म्हणून प्रथिनं कमी करायची नाहीत. आबांचं वजन 60 किलो, म्हणजे दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं. ती डाळीतून घ्या, उसळीतून घ्या, सोयाबीन, दूध, अंड्यातला पांढरा भाग. तेवढं बोलून डॉक्टर पुढच्या पेशंटकडं गेले आणि मी कागदावर 50 लिहून घेतलेलं बघत बसलो.

आबांनी मटण सोडलं साहेब. दर रविवारी सकाळी सातला स्वतः जाऊन, बकरं बघून, मांडीचंच पाहिजे म्हणून भांडून आणणारा माणूस. मे महिन्यात चुलत्याच्या घरी कंदुरी, म्हणजे नवसाचं मटणाचं जेवण, होती, तिथं पंगतीत सगळ्यांच्या ताटात रस्सा वाढायलेत आन् आबांच्या ताटात वरण. दोन घास खाल्ले आणि उठले. मागं गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे होते, मी गेलो तर म्हणले काही नाही रे, वास लई भारी सुटलाय. मला त्यांना काय बोलावं सुचंना. मग मी ठरवलं की एकट्या आबांनी नाही, घरातल्या सगळ्यांनीच कमी करायचं, म्हणजे त्यांना एकटं वाटणार नाही. सहा महिने झाले, आमच्यात महिन्यातून एकदाच मटण शिजतं.

आणि आम्ही पर्याय शोधले नाहीत असं नाही. घरचंच सोयाबीन होतं. बायकोनं मोबाईलवर बघून ते पाण्यात वीस मिनिटं उकळलं, कारण कच्चं सोयाबीन पचत नाही, त्यात पचन अडवणारे घटक असतात आन् ते उष्णतेनंच जातात. मग उन्हात वाळवलं, हातावर चोळून सालं काढली, बोटं दुखंस्तोवर. पाच किलो घेऊन गिरणीत गेलो तर गिरणीवाला म्हणला भाऊ हे नका आणू, पाट्याला तेल धरतंय, मागच्याचं दळण खराब होतंय. दुसरीकडं गेलो, त्यानं पण नाही म्हणलं. शेवटी नऊ किलो जोंधळ्यात एक किलो कालवून नेलं तेव्हा दळून दिलं. भाकरी थापताना कडंला चिरायची, पहिले आठ दिवस उग्र वासानं पोरीनं तोंड फिरवलं. आता सवय झालीय. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, मटकीची उसळ, चवळी, माझ्या आजीच्या काळातलं सगळं परत चुलीवर आलंय. सोयावडीचा काळ्या मसाल्यातला रस्सा तर बायको असा करतीय की आबा म्हणले डोळे झाकून खाल्लं तर चालतंय. त्यांचा तो शब्द ऐकून बायकोच्या डोळ्यात पाणी आलं.

म्हणजे तुम्ही सांगितलं ते तुम्ही सांगायच्या आधीच आम्ही करत होतो. आता तुमची बाजू सांगा.

माझं दोन एकर सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात पाण्याखाली गेलं. सात पोती झाली, ती पण डागी, काळी पडलेली. 2025 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, मला मिळाले 3,600. खरेदी केंद्रावर नेलं तर म्हणले ओलावा 12 टक्क्याच्या वर आहे. त्या पावसात कोणाचं सोयाबीन 12 टक्क्यात बसलं असतं ते मला दाखवा. आणि 2024 च्या विधानसभेच्या प्रचारात सहा हजार भाव देऊ म्हणून सांगितलेलं, ते सहा हजार कुठं गेले? 3,600 म्हणजे किलोला 36 रुपये. आणि त्याच आठवड्यात किराणा दुकानातून आबांसाठी मी सोयावडी आणली, 130 रुपये किलो. सोयावडी काय आभाळातून पडत नाही, सोयाबीनचं तेल काढून राहिलेल्या पिठाचीच होते. माझ्या रानातून 36 ला गेलेला माल माझ्याच ताटात 130 ला परत येतो, मधले 94 रुपये कोणाच्या खिशात गेले हे बघायचं काम कोणाचं आहे?

एक क्विंटल सोयाबीनमधून 18 किलोच्या आसपास तेल निघतं, बाकी बहुतेक सगळी पेंड. त्या पेंडीतच खरी ताकद असते, आन् ती जाते कोंबडीखाद्याला. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजाराच्या घरात गेलं होतं, आमच्या पिढीनं पहिल्यांदा तसा भाव बघितला. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि केंद्रानं 12 लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या सोयाबीनची, पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, जे बियाणं आम्हाला पेरायची मुभा नाही त्याची पेंड चालते. आमचा नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर. कोंबडीला प्रथिनं कमी पडू नयेत म्हणून सरकार महिनाभरात हलतं. माणसाच्या ताटात प्रथिनं नाहीत म्हणून सरकार कधी हललेलं मी बघितलं नाही.

माझा राग कोंबडीवाल्यावर नाही, तो पण कर्ज काढूनच शेड बांधतो. माझा राग ह्याच्यावर आहे की मातीतून पिकलेली प्रथिनं सगळ्यांना विकायला चालतात, फक्त पिकवणाऱ्याला खायला परवडत नाहीत.

तुरीचं पण तेच. तुरीला 2025 चा हमीभाव आठ हजार, पण 2021 पासून आयातीची मर्यादा उठवल्यानं तूर मोकळी बाहेरून यायलीय, मोझांबिकमधून, म्यानमारमधून. पिवळा वाटाणा डिसेंबर 2023 पासून बिनशुल्क येत होता, नोव्हेंबर 2025 मध्ये कुठं 30 टक्के शुल्क लावलं, म्हणजे दोन वर्षं हरभऱ्याचं नुकसान होऊन गेल्यावर. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं मर रोगाला टिकणाऱ्या तुरीच्या जाती दिल्या, आम्ही त्या पेरल्या, धुई पडली तर फुलगळ, आभाळ आलं तर शेंगा पोखरणारी अळी, हे सगळं सोसून तूर आणली, आणि लातूरच्या मिलमध्ये तिची डाळ होऊन ती आमच्याच गावात 120 रुपये किलो. कधी काळी ह्याच रानात जोंधळ्यात तुरीचे तास असायचे, बाजूला मूग, उडीद, बांधावर अंबाडी, तीळ. घरचं वर्षाचं कडधान्य घरातच असायचं, मडक्यात राख घालून ठेवायचे. तुमच्यासारख्यांनीच येऊन सांगितलं सोयाबीन लावा, नगदी पीक आहे. मूग गेला, उडीद गेला, मडकी पण गेली.

आता हिशोब सांगतो. आमच्या घरात सहा माणसं. माणशी रोज 65 ग्रॅम डाळ धरली तरी महिन्याला पावणेबारा किलो, म्हणजे चौदाशे रुपये नुसत्या डाळीचे. माझं केशरी कार्ड. मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या शेतकऱ्यांचं स्वस्त धान्य बंद करून 2023 पासून तुम्ही खात्यावर पैसे टाकायला सुरू केलं, आधी महिन्याला माणशी 150, 2024 पासून 170. सहा माणसांचे 1,020. आमच्या खात्यात ते कधी येतात, कधी तीन महिने येत नाहीत, बँकेत विचारलं तर तहसीलला जा, तहसीलला विचारलं तर आधार लिंक करा, आधार 2019 पासून लिंक आहे. ज्यांना धान्य मिळतं त्यांना तरी काय, माणशी पाच किलो गहू-तांदूळ. पोट भरतं साहेब, अंगाला लागत नाही. कोरोनात 2020 ला घरटी एक किलो डाळ किंवा हरभरा वाटलाच होता ना तुम्ही? 2018 ला तूर जास्त झाली तेव्हा रेशनवर 35 रुपये किलोनं डाळ विकलीच होती ना? सणाला रेशनवर मिळणारा आनंदाचा शिधा 100 रुपयात होता, त्यात एक किलो हरभराडाळ होती, तो पण 2025 च्या दिवाळीला नव्हता. म्हणजे देता येतं. देता येतं हे तुम्हीच करून दाखवलंय, म्हणून तर जास्त लागतं मनाला.

आणि अंडं. माझी पोरगी चौथीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एक अंडं सुरू झालं, जे खात नाहीत त्यांना केळं. ती बुधवारी न सांगता उठायची, आंघोळ करून तयार, का तर आज अंडं हाय. नियमानं प्राथमिकच्या लेकराला दुपारच्या जेवणात 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला पाहिजेत, एका अंड्यात सहा असतात, म्हणजे निम्मं काम एका अंड्यात. 28 जानेवारी 2025 ला जीआर काढून राज्यानं त्याचा पैसा बंद केला. वाचले किती तर 50 कोटी. सात लाख कोटीच्या बजेटमधले 50 कोटी. हेडमास्तर पालकसभेत म्हणले, लोकसहभागातून चालू ठेवता येईल. ज्या गावाची रानं वाहून गेलीत त्या गावाकडं अंड्यासाठी वर्गणी मागायला त्यांना पण लाज वाटायली होती, मान खाली घालून बोलले बिचारे. पोरगी अजून बुधवारी विचारती.

मला कोणी शाकाहार-मांसाहार शिकवू नये. सणावारी मटणाची दुकानं बंद ठेवायचे आदेश एका दिवसात निघतात, कोणी काय खावं ह्याच्यावर टीव्हीवर आठ-आठ दिवस भांडणं चालतात. पण लेकराच्या ताटात काय असावं ह्याच्यावर एक आदेश वेळेत निघत नाही. आमच्या घरानं मटण कमी केलं ते आबांच्या जिवासाठी, कोणाच्या सांगण्यावरून नाही. कमी खा म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी काय, कुठून, किती रुपयाला, हे सांगायची जबाबदारी जो कमी खा म्हणतो त्याची. महाराष्ट्रात पाच वर्षाखालची शंभरातली पस्तीस लेकरं वयाच्या मानानं खुजी आहेत, हे तुमच्याच कुटुंब आरोग्य सर्व्हेत 2019-21 ला लिहिलंय. ती पस्तीस लेकरं काय मटण जास्त खाल्ल्यानं खुजी राहिली का?

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रानं डाळींसाठी 11,440 कोटींचं मिशन सुरू केलं. चांगलं आहे, मी वाईट म्हणत नाही. त्यातली डाळ आमच्या तालुक्यातून हमीभावानं घ्या, इथल्याच मिलमध्ये भरडा, आणि इथल्याच रेशनवर, केशरी कार्डाला सुद्धा, महिन्याला दोन किलो द्या. बचतगटाच्या बायकांना सोयाबीनचं पीठ करायची, वडी करायची मशीन द्या, म्हणजे आम्हाला तीन गिरण्या फिरायला लागणार नाहीत. अंडं परत चालू करा. आणि काही जमलं नाही तर निदान मंडपात येऊन तारीख देऊ नका, कारण म्हातारी माणसं ती तारीख लक्षात ठेवतात.

पुढच्या महिन्यात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आहे. आमच्यात त्या दिवशी सगळं घर रानात असतं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतो, पांडव मांडतो, आणि भज्जी असते, ओल्या तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, बेसन, सोबत आंबील. माझी तूर आत्ता फुलात आहे, पाऊस सोसून जेवढी राहिली तेवढी. तुम्ही या. गाड्यांचा ताफा नको, एकटे या, आबांच्या शेजारी बसून जेवा. त्यांना ह्या वर्षी भज्जी पोटभर खाता येईल, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. डाळीचं काय झालं ते तुम्हीच त्यांना सांगा, मी सांगायचं टाळतोय.

आपला,
औसा तालुक्यातला एक शेतकरी