बाबांची उजवी पोटरी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "आता मी ठणठणीत आहे, गोळ्या बंद केल्या तर काय बिघडलं?" मी चिडले आणि फोन ठेवला. म्हणून आज नीट लिहिते.

बाबा, जूनमध्ये पुण्याहून डिचोलीला रात्रीच्या बसने गेलात. बारा तास पाय लोंबकळत, आणि लघवीला उतरावं लागू नये म्हणून पाण्याचा घोटही नाही. चौथ्या दिवशी उजवी पोटरी सुजून गरम झाली. आई, तू तेल लावून चोळलीस. मीही तेच केलं असतं गं, पण अशी एकच पोटरी सुजली तर पुन्हा कधी चोळू नकोस. आत शिरेत रक्ताची गुठळी होती. तीच सुटून हृदयाच्या उजव्या बाजूने फुफ्फुसात जाऊन अडकली. सोप्याच्या तीन पायऱ्या चढताना बाबांना धाप लागायची, श्वास घेतला की बरगडीखाली कळ. तरी पहिल्या दवाखान्यातून 'पित्त आहे' म्हणून घरी पाठवलं. ते मी विसरलेले नाही. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला तेव्हा खरं कळलं.

बाबा, तुमची ही गोळी, वॉरफरिन, गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. जुनी शरीरच हळूहळू जिरवतं. निदान 3 महिने गोळी लागते, तुमचे अजून 2 पण झाले नाहीत. पुढचं डॉक्टर ठरवतील. गुडघ्यासाठी फार्मसीतून परस्पर वेदनाशामक आणू नका, रक्तस्राव होतो.

आई, तांबडी भाजी बंद केलीस म्हणे. करू नकोस. तिच्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं, म्हणून एक आठवडा रोज आणि पुढे अजिबात नाही, असं नको. दर आठवड्याला सारखीच कर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर 2 ते 3 मध्ये राहील.

चवथ जवळ आली. यंदा गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, शेजारची पोरं बांधतील. रक्त पातळ असताना डोक्यावर पडलात तर आतल्या आत रक्त साचतं.

पुन्हा धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, तर माझ्या फोनची वाट पाहू नका. आधी 108.

संध्याकाळची गोळी घेतलीत की नुसतं 'घेतली' एवढं कळवा. फोन जवळच ठेवते.

तुमची,
बाय