इंग्रजीच्या तासाला दोन शिक्षक हवेत

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळांतील इंग्रजीविषयी वृत्तपत्रांतून होणारी चर्चा बहुधा दोनच मुद्द्यांभोवती फिरते. एक, शिक्षकांनाच इंग्रजी बोलता येत नाही; आणि दुसरा, सेमी-इंग्रजी सुरू केल्याशिवाय पट टिकत नाही. हे दोन्ही मुद्दे मी नोकरीभर ऐकले आणि दोन्हींत तथ्य आहे. पण इंग्रजीच्या तासाला वर्गात किती शिक्षक उभे असावेत, हा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयावर कडाडून टीका झाली. मी मात्र त्या निर्णयाच्या बाजूची होते आणि आजही आहे. अडचण निराळीच आहे. गणित एकट्या शिक्षकाला शिकवता येते, परिसर अभ्यासही येतो. संभाषण मात्र एकट्याला करून दाखवता येत नाही. मराठीच्या तासाला ही उणीव जाणवत नाही, कारण घरी, पारावर, बाजारात दोन माणसांचे बोलणे मुलांच्या कानांवर सतत पडत असते. समोरासमोर उभी राहिलेली दोन माणसे इंग्रजीत बोलताना वाडीवस्तीवरच्या मुलाने, टीव्ही आणि मोबाइलचा पडदा सोडला, तर पाहिलेलीच नसतात.

दुकानातील संवादाचा साधा पाठ घ्या. एकटी बाई डावीकडे मान वळवून ‘हाऊ मच इज धिस पेन?’ म्हणते, उजवीकडे वळवून ‘टेन रुपीज’ असे उत्तर देते आणि मुले दोन्ही वाक्ये एका सुरात, एका दमात म्हणून मोकळी होतात. यातले कोणते वाक्य कोणाचे, हे निम्म्या वर्गाला उमगत नाही. हाच पाठ दोघांनी घेतला, म्हणजे दुकानदार झालेले गुरुजी मुद्दाम ‘पार्डन?’ म्हणून कान पुढे करतात, बाई तेच वाक्य सावकाश पुन्हा बोलतात, गुरुजी पेनाऐवजी पेन्सिल काढून देतात आणि मागच्या ओळीतले पोर आपणहून ‘नो, नो, पेन!’ म्हणून ओरडते. एका शिक्षकाने दुसऱ्याला भर वर्गात ‘वेनस्डे’चे स्पेलिंग विचारले, तर मोठ्यांनाही अडते आणि विचारले की सांगतात, हेही मुलांना दिसते.

यासाठी नवी पदे भरावी लागतील असे नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक असतात आणि ग्रामीण भागात अशा द्विशिक्षकी शाळा गावोगाव आहेत. तिथे पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, अशी वाटणी सर्रास असते. दिवसातली एकच तासिका दोन्ही खोल्यांतली मुले एकत्र बसवावीत आणि दोघांनी मिळून इंग्रजी घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. इयत्तांचा फरक आड येईल, ही शंका रास्त आहे. पण बहुवर्ग अध्यापन आमच्या शिक्षकांच्या अंगवळणी पडलेले आहे. पहिलीचे मूल सूचना ऐकून कृती करील, चौथीचे वाक्यात उत्तर देईल. खरी शंका वेगळीच आहे. दोघांपैकी एक जण बैठक, प्रशिक्षण, मतदारयादी किंवा ऑनलाइन माहिती यांत अडकला की जोडी मोडते. ही कामे कमी व्हावीत हे मागून मागून शिक्षक थकले. निदान इंग्रजीच्या तासाला तरी कोणाला उठवू नये.

परदेशात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आहे आणि त्याच्या चुकाही आपल्याला पाहून घेता येतील. जपानने १९८७ साली ‘जेट’ कार्यक्रमाखाली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुणांना बोलावले. त्यांतील बहुतेक जण शाळांमध्ये स्थानिक शिक्षकाच्या जोडीला साहाय्यक म्हणून गेले. कल्पना उत्तम होती. पण या साहाय्यकांना अध्यापनाची पदवी लागत नव्हती, एकेकाकडे अनेक शाळा असत आणि दोघांनी बसून पाठ ठरवायला वेळ नसे. परिणामी कित्येक वर्गांत पाहुण्याने उतारा वाचायचा आणि मुलांनी मागे म्हणायचे, एवढेच उरले. आपण माणसाच्या रूपातले टेपरेकॉर्डर झालो आहोत, ही त्या साहाय्यकांची जुनी तक्रार आहे. पुढे अनेक नगरपालिकांनी खर्च वाचवण्यासाठी कंपन्यांमार्फत कंत्राटी साहाय्यक घेतले, तेव्हा तर विचित्रच पेच उभा राहिला. कामगार कायद्याप्रमाणे कंत्राटदाराच्या माणसाला शाळेतील शिक्षकाने थेट सूचना देणे चालत नव्हते. एकाच फळ्यापुढे उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांना काही सांगायचे नाही, अशा स्थितीत जोडीने शिकवणे कसे जमावे?

म्हणूनच ‘इंग्रजी बोलणारा बाहेरचा माणूस’ मानधनावर आणून बसवण्याचा मोह आपण टाळावा. जोडी शाळेतल्याच दोन नियमित शिक्षकांची असावी, कारण त्यांना मुले नावानिशी ठाऊक असतात आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास एकत्र बसता येते. त्यात मुख्याध्यापकपदाचा कार्यभार असलेल्याने बोलायचे आणि धाकट्याने तक्ते धरायचे, असे होण्याचा धोका आहे, होतेही. त्यावर उपाय एकच, पाठाचे टाचण दोघांनी मिळून एकच काढायचे आणि कोणते वाक्य कोण बोलणार हे त्यात लिहायचे.

राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे गट एकत्र येऊन आपापसांत इंग्रजी बोलू लागले, हा उपक्रम मला मनापासून आवडला होता. पण बैठक संपवून शिक्षक आपल्या वर्गात परतला की तो पुन्हा एकटाच. रोज बोलायला हक्काचा सोबती शेजारच्याच खोलीत असताना, त्याच्याशी इंग्रजीत बोलण्याचे ठिकाण दूरच्या बैठकीचे सभागृह असावे, हे मला कधीच पटले नाही.

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी इच्छुक द्विशिक्षकी शाळांत एक सत्रभर हा प्रयोग करून पाहावा आणि मुलांच्या लेखी परीक्षेऐवजी त्यांचे बोलणे ऐकून काय ते ठरवावे. तोवर, भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांना दोन्ही शिक्षक एकाच खोलीत दिसले, तर शेरेबुकात ‘एक वर्ग शिक्षकाविना आढळला’ असा शेरा पडणार नाही, एवढे पत्रक गटशिक्षणाधिकारी कार्यालयांनी काढले, तरी बऱ्याच शाळा आपणहून सुरुवात करतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
अकोले, जि. अहिल्यानगर