सर्वो निवडून देणाऱ्या भाऊंचे जाहीर आभार

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

मोंढ्याजवळच्या तुमच्या दुकानात इन्व्हर्टर आणि मिक्सर दुरुस्तीला येतात. त्या गर्दीत माझा नववीतला मुलगा एकास दहा मापाची रिमोटची बग्गी घेऊन आला, तर तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. सर्वो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर चाकं वळवणारी दात्यांची छोटी मोटर, तुम्ही विकतही नाही. तरी तासभर त्याच्याशी बोललात आणि अगदी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललात. त्याबद्दल हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

बग्गीच्या स्टिअरिंगच्या सर्वोचे नायलॉनचे दात गेले होते. आतली मोटर फिरायची, पण चाकं जागची हलत नव्हती. मुलाने ऑनलाइन 25 किलो जोराचा सर्वो बघून ठेवला होता, किंमतही परवडणारी होती. तुम्ही म्हणालात, "ताई, पाकिटावरला आकडा राहू द्या. त्याला खायला कोण घालणार, ते बघू आधी." मग तुम्ही ईएससीवरची, म्हणजे गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीवरची, बारीक अक्षरं भिंगातून त्याच्याकडूनच वाचून घेतलीत: बीईसी (त्यातला वीज पुरवणारा भाग) 6 व्होल्ट, 3 अँपिअर. रिमोटचा इशारा घेणारा रिसीव्हर आणि सर्वो, दोघांचं पोट त्याच्यावरच. ते 25 किलो मात्र 7.4 व्होल्टवरचे होते.

पुढे तुम्ही जे दाखवलंत ते आम्ही दोघं विसरणार नाही. पॉलिटेक्निकच्या पोरांनी दुरुस्तीला टाकलेल्या रोबोच्या हातातला दांडगा सर्वो तुम्ही बग्गीच्या रिसीव्हरला जोडला, रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर व्होल्ट मोजायचा मीटर लावला आणि सर्वोचा हॉर्न (त्याच्या दांड्यावरचा भोकांचा छोटा हात) पकडीत क्षणभर धरून मुलाला रिमोटचं चाक फिरवायला सांगितलंत. मीटरवरचा आकडा भसकन खाली आला आणि रिसीव्हरचा दिवा विझला. "आता ही गाडी रस्त्यावर पळत असती तर?" एवढंच विचारलंत. मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाच मिनिटांपूर्वी हट्टाला पेटलेला पोरगा स्वतःच म्हणाला, "मग 6 व्होल्टवर चांगला चालणारा बघू."

किलो-सेंटिमीटर म्हणजे काय, हे तुम्ही हॉर्नच्या भोकांवर समजावलंत. 10 किलो-सेंटिमीटरचा सर्वो मध्यापासून 1 सेंटिमीटरवर 10 किलोचा जोर लावतो. तोच 2 सेंटिमीटरवर 5 किलोचा, पण तिथे दांडी जास्त सरकते. शाळेत आघूर्ण, म्हणजे वळवणारा जोर, शिकवतात, तो त्याला त्या दिवशी हाताला लागला.

शेवटी ठरला तो धातूच्या दातांचा डिजिटल सर्वो: 6 व्होल्टवर 12 किलोच्या आसपास जोर आणि 60 अंश वळायला 0.13 सेकंद. वेगाचं महत्त्व मला पटलं नव्हतं. पण जोर भरपूर असूनही सर्वो मंद असेल तर पळती गाडी वळण चुकवते, हे आता डोळ्यांनी बघते आहे. मागवण्याआधी जुन्या हॉर्नच्या आतले दात मोजायला लावलेत, तेही बरं झालं. या सर्वो बनवणाऱ्या कंपन्या: फुटाबाच्या पद्धतीचे 25, हायटेकचे 24, सान्वाचे 23. एका दाताच्या फरकाने हॉर्न बसत नाही. आमचे 25 निघाले.

बसवताना तुमचा शब्द न् शब्द पाळला. आधी रिमोट चालू, ट्रिम (मध्य बारीक सरकवायचं बटण) शून्यावर, सर्वो मध्यावर आला की मगच हॉर्न सरळ बसवायचा. चाकं टोकाला गेल्यावर सर्वो गुणगुणतो आहे का ते ऐकायचं आणि गुणगुण थांबेपर्यंत रिमोटमधली वळण्याची मर्यादा कमी करत न्यायची. सर्वो सेव्हर, म्हणजे दणका सोसणारा स्प्रिंगचा भाग, काढून टाक, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दगडाचा दणका सेव्हरने सोसला नाही तर तो थेट सर्वोच्या दातांवर बसतो, हे तुम्ही सांगितलंत म्हणून तो जागेवर आहे.

आपल्या काळ्या मातीचा इशाराही खरा ठरला. पाऊस उघडल्यावर शेताच्या कडेला गाडी पळवली, तर चाकांना चिखलाचे गोळे लागले आणि स्टिअरिंग जड झालं. मुलाने लगेच गाडी थांबवली, जुन्या टूथब्रशने सांधे मोकळे केले, मग पुढे नेली. त्याला असं थांबताना मी पहिल्यांदा पाहिलं, भाऊ. आई म्हणून मला याचं फार मोल आहे.

त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजलात. दिवाळीच्या सुट्टीत त्याला तुमच्याकडे सोल्डरिंग शिकायचं आहे. दुकानाच्या कामात अडचण होणार नसेल तर कोणत्या वेळी पाठवू, तेवढं कळवा. वहिनींना नमस्कार सांगा.

आपली,
बग्गीवाल्या पोराची आई, परभणी