आरशासमोर उभे राहून आत्मविश्वास परत येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छळणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखालून सुटल्यावर आत्मविश्वास कसा मिळवावा, यावरचा कालच्या पुरवणीतील लेख वाचला. विषय घेतल्याबद्दल आपले आभार मानते. परंतु रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी सक्षम आहे’ असे म्हणावे आणि झाले गेले विसरावे, हा त्यातला उपदेश वाचून मला मनस्वी चीड आली. ज्याने हे भोगले आहे तो असे लिहिणार नाही.

मी एका पतसंस्थेच्या शाखेत लेखनिक होते. तेथील शाखाधिकारी प्रत्येक सूचना तोंडी देत. अमुक व्हाउचर उद्या घाला, असे सकाळी सांगत आणि संध्याकाळी, खातेदार समोर उभे असताना, ‘आज का घातलं नाहीस, अक्कल गहाण टाकलीस काय?’ असे विचारत. सकाळच्या बोलण्याची आठवण दिली की ‘मी असं म्हणालोच नाही’ हे उत्तर ठरलेले. एखाद्या वेळी घडले तर माणूस सोडून देतो. रोज घडू लागले की आपण खरोखर तसे ऐकले होते का, अशी शंका येऊ लागते. रोजकीर्द जुळलेली असतानाही मी पुन्हा पुन्हा बेरजा करीत बसे आणि घरी आल्यावर शाखेचे कपाट लावले होते ना, या विचाराने रात्र रात्र जागी राही. माझा स्वतःच्या डोळ्यांवरचा आणि स्मरणशक्तीवरचा विश्वासच उडाला होता. आरशातल्या बाईने काहीही म्हटले तरी तो परत येणार कसा? तिच्यावरच तर माझा भरवसा उरला नव्हता.

तो परत आला कामातून. नोकरी सोडून मी पावसच्या बाजूला एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात हिशेबाला लागले. तेथील मालकीणबाई प्रत्येक काम वहीत लिहून देतात आणि खाली तारीख घालतात, त्यामुळे कोण काय म्हणाले होते हा वादच उरत नाही. हंगामात एका बागायतदाराने वजनावरून आवाज चढवला, तेव्हा माझे हातपाय गार पडले. बाईंनी वजनाच्या चिठ्ठ्या मागवल्या, माझ्या नोंदीशी ताडून पाहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘ताईंचा आकडा बरोबर आहे.’ त्या रात्री मला बऱ्याच काळानंतर सलग झोप लागली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्येच मांडले आहे की, स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास सर्वांत अधिक बळावतो तो स्वतः तडीस नेलेल्या कामाने. नुसत्या धीराच्या शब्दांचे बळ त्यापुढे कमी पडते. लेखकमहाशयांनी एवढे तरी वाचायला हवे होते.

‘अशा व्यक्तीशी संबंध तोडून टाका’ हा सल्ला मुंबईत चालत असेल. आमच्याकडे तोच माणूस एसटी स्टँडवर भेटतो, बाजारात भेटतो आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारी येते, तेव्हा मानकऱ्यांसोबत आमच्याच अंगणात उभा असतो. मी देवीची ओटी भरताना मान वर करू शकले नाही. त्यात शेजारीपाजारी विचारणार, ‘एवढी चांगली नोकरी का सोडलीस?’ अनुभवाच्या दाखल्यासाठी तर मला अनेक खेपा घालाव्या लागल्या आणि प्रत्येक वेळी ‘उद्या या’ एवढेच ऐकावे लागले.

तक्रार कोठे करायची, यावर लेखात अक्षर नाही. २०१३ चा कायदा कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळापुरता आहे. रोजच्या पाणउताऱ्याला आणि अपमानाला आळा घालणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या सर्व प्रकारच्या छळाविरुद्ध करार क्रमांक १९० संमत केला, त्यालाही भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. वर्तमानपत्राने या प्रश्नावर लिहायचे, की आरशावर?

आणखी एक सांगणे भाग आहे. रत्नागिरीत ब्रिटिश काळापासून मनोरुग्णालय आहे. माझे वरिष्ठ चारचौघांत मला तेथे ‘भरती’ व्हायला सांगत, आणि आपल्याच अंकात मध्यंतरी त्याचा उल्लेख ‘वेड्यांचे इस्पितळ’ असा झाला. अशाने मदतीची खरी गरज असलेला माणूस तेथील बाह्यरुग्ण विभागाची पायरी चढेल कसा? मानसिक त्रासात फोनवरून सल्ला देणाऱ्या, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक पुढच्या लेखासोबत ठळक छापावा, आणि अडवून ठेवलेल्या दाखल्यासाठी दाद कोठे मागायची, हे एखाद्या जाणकार वकिलाकडून लिहून घ्यावे.

गाव लहान असल्यामुळे आणि दाखला अद्याप हाती आला नसल्यामुळे माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, ता. जि. रत्नागिरी