मॉपच्या काठीबद्दल आभार

मॅडम,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, पुढचं बोल" म्हणून तोडता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. मधेच थांबवता येणार नाही.

लातूरहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुण्याला तुमच्या पिलाटीस व्यायामाच्या प्रशिक्षणाला आले, तेव्हा दुखणेकऱ्यांसाठीचे नवे व्यायाम शिकायचे, एवढंच डोक्यात होतं. पहिल्या दिवशी वहीत एकही व्यायाम उतरला नाही. हे व्यायाम ज्यानं काढले त्या जोसेफ पिलाटीसचं तुम्ही सांगत बसलात. लहानपणी दमा नि मुडदूस झालेला, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी आइल ऑफ मॅन बेटावर डांबलेला जर्मन माणूस. त्याच्या चटईवरच्या मूळ ३४ व्यायामांपैकी कितीतरी पाठ गोल करायला लावणारे. "हे ठिसूळ हाडांच्या बाईला दिलंस तर काय होईल?" एवढं विचारून तुम्ही चहाला निघून गेलात.

माझे सासरे, म्हणजे मामा, वर्षभर माझ्याकडे व्यायाम करत होते. कंबर नि पाय दुखतात म्हणून मी त्यांना पालथं झोपवून छाती उचलायला लावायची. कंबरदुखी म्हणजे मागे वाकायचं, एवढीच माझी अक्कल. मणक्यातली नळी अरुंद झाली असेल तर मागे वाकल्यावर त्रास वाढतो, पुढे रेललं की बरं वाटतं, आणि गादी सरकलेल्या बऱ्याच जणांचं नेमकं उलटं असतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला मामांची सायकल आठवली. भाजीला जाताना ते सायकल नेतात, पण चालवत नाहीत. हँडलवर रेलून पायी जातात. घरात आम्ही त्यावर हसायचो! परत आले आणि आधी त्यांची माफी मागितली. "मी काही म्हणलो का?" एवढंच म्हणाले. पुढे एमआरआयमध्ये नळीच अरुंद निघाली.

पण पत्र लिहायला बसले ते मेसवाल्या मावशींमुळे. मी व्यायाम शिकवते त्या हॉलखाली त्या क्लासच्या पोरांची मेस चालवतात. त्याआधी बरीच वर्षं नवऱ्यासोबत ऊसतोडीला, धारूरकडून. एक दिवस वर आल्या. "बाई, कंबर लई दुखायली. तुमचं ते काय असतंय ते करू का?"

आधीची मी असते तर चटई टाकून लगेच पोटाचे व्यायाम सुरू केले असते. तुमच्या कागदावरचा प्रश्न विचारला: पाळी कधी थांबली, कशानं? पिशवी काढलीय, म्हणाल्या. तिशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, पाळीचा त्रास परवडत नव्हता. अंडाशयही काढलं का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. डाळीच्या डब्यामागून पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज कार्ड काढून आणलं. दोन्ही काढलेली.

रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला, चिडला नाहीत. अंडाशयं इतक्या लवकर गेली की हाडं राखणारं इस्ट्रोजेनही जातं, म्हणालात. आधी हाडांची घनता तपासून घे, रोगाचं निदान तू करू नकोस, डॉक्टर हो म्हणेपर्यंत चटई गुंडाळून ठेव. रिपोर्टात ऑस्टिओपोरोसिस आला, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. औषधं सुरू झाली, मग डॉक्टरांनी व्यायामाला होकार दिला.

तेव्हा ती काठी कामाला आली. वर्गात तुम्ही माझ्या पाठीला फरशी पुसायच्या मॉपची काठी उभी लावली होती. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाडाच्या वरचं सपाट हाड, तिन्हीकडे काठी टेकलेली ठेवून वाकायचं. म्हणजे पाठीतून नाही, खुब्यातून. माझ्याकडून कितीदा तरी पुन्हा करून घेतलंत! मावशींना दुसऱ्या खेपेला जमलं. "मोळी उचलायच्या वक्ताला हे कुणी सांगितलं असतं तर..." म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडलं. मीही पुढे काही विचारलं नाही.

आता त्या खाली बसून पोळ्या लाटत नाहीत, परात ओट्यावर गेलीय. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, पाठ ताठ ठेवून रबरी पट्टा ओढणं, एवढंच करतो. श्वास रोखला जाऊ नये म्हणून तुम्ही आम्हाला व्यायाम करताना बोलतं ठेवायचात. मावशी बोलत नाहीत, कोणत्या पोराची किती उधारी राहिली ते मोठ्यानं मोजतात. श्वास बिलकुल अडत नाही.

तीन हप्त्यांत फी घेतलीत, तेही राहिलंच सांगायचं.

पुढच्या महिन्यात उजळणीला येतेय. मावशींनी तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय. लई तिखट आहे. पहिल्या घासाला श्वास रोखू नका.

तुमची,
लातूरची विद्यार्थिनी