बंधाऱ्यावर ३९ फूट

कोल्हापूर,
रविवार

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू वैतागला होतास. "पाच दिवस अंग नुस्तं ठणकतंय आणि डॉक्टर देतात काय, तर पॅरासिटॅमॉल. हे काय औषध झालं लगा?" वर्गावर जायची घाई होती म्हणून तेव्हा हसण्यावारी नेलं. आज पहाटेपासून धार लागलीय, तालमीच्या कट्ट्यावर काळं कुत्रंही नाही. म्हटलं, अंग का ठणकतं ते सावकाश लिहावं. गेल्या पंधरवड्यात मीही याच फ्लूच्या तापातून उठलोय. बारावीला जीवशास्त्र शिकवणारा मी, तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन आलो! बायकोनं पाकीट हातातून काढून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पोरांना काय शिकवता मग?" विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, हे तिला माझ्यापेक्षा बरं ठाऊक.

तुझ्या चिखलीच्या मामांचं आठवतं ना? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना, म्हणजे इशारा पातळीला टेकलं की त्यांची जनावरं हलायला लागायची. धोका पातळी ४३ फूट, पण तोवर मामा कधी थांबले नाहीत. अंगातही असंच चालतं बघ.

फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो तो स्वतःचा आरएनए, म्हणजे स्वतःच्या प्रती काढायचा नकाशा घेऊन. आपल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला रासायनिक टोपी असते, त्याचं डोकं मात्र उघडं. पेशीत पहाऱ्याला असलेल्या रिग-आय नावाच्या प्रथिनाला हे बरोबर खटकतं. तिथून निरोप जनुकांपर्यंत जातो आणि पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बनवून बाहेर सोडायला लागते. आता गंमत ऐक. इंटरफेरॉन विषाणूला बोटही लावत नाही. तो शेजारच्या पेशींची दारं वाजवतो. माझ्या घरात पाणी शिरलंय, तुम्ही आवरा! ते ऐकून शेजारणी शेकडो जनुकं चालू करतात. मग विषाणू आलाच, तर कुणी प्रथिनं बनवायचं कामच बंद पाडतं, कुणी आरएनएचे तुकडे करतं. त्यात पेशीचंही नुकसान होतं, पण पाहुण्याला चूल पेटलेली मिळत नाही.

हे थोडंफार सगळ्याच पेशींना जमतं, पण यातले वस्ताद वेगळे. प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशी. (वर्गात हे नाव धडपणे म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो. अजून खिशाला तोशीस पडलेली नाही.) रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशींत त्या शंभरात एकही भरत नाहीत, आणि इंटरफेरॉन सोडतात तो इतर पेशींच्या हजारपटीपर्यंत. विषाणू आपल्यात वाढेपर्यंत त्या वाट बघत बसत नाहीत. त्याला गिळतात आणि आतल्या पिशवीत टीएलआर-७ नावाचं प्रथिन त्याचा आरएनए तपासतं. डीएनएवाला असेल तर टीएलआर-९. शिवाय इंटरफेरॉनची जनुकं चालू करणारं आयआरएफ-७ हे प्रथिन त्यांच्याकडे आधीपासून साठवलेलं असतं. मामा जूनपासूनच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ठेवायचे, तसंच.

इंटरफेरॉनचा शोध लागला कोंबडीच्या अंड्यावर. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी अंड्यातल्या पडद्याचे तुकडे उष्णतेनं निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. नंतर तिथलं पाणी घेऊन ताज्या पडद्यावर घातलं, तर त्यावर जिवंत विषाणू वाढेना! म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. जपानच्या नागानो आणि कोजिमा यांना १९५४ मध्येच असं काहीसं दिसलं होतं, पण त्यांचा लेख छापला फ्रेंचमध्ये. बिचाऱ्यांचं नाव आमच्या पुस्तकात नाही. मी वर्गात मुद्दाम घेतो.

आता तुझं ठणकणं. पूर्वी हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे. सुई टोचली की काही तासांत थंडी, ताप, अंगदुखी, अगदी फ्लू झाल्यासारखं. म्हणजे तू पाच दिवस विषाणूला शिव्या घातल्यास, त्यातल्या बऱ्याच तुझ्या स्वतःच्या पेशींना लागल्या भावा.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. कोरोनात आपल्या पेठेतले आण्णा गेले, तेव्हा तू विचारलं होतंस, रोज जोर-बैठका मारणारा गडी असा कसा गेला? आण्णांचं नेमकं काय झालं ते कुणी तपासलं नाही. पण २०२० मध्येच संशोधकांना दिसलं, की जिवावर बेतलेल्या रुग्णांपैकी किमान १० टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं होती. त्यात बहुतेक पुरुष. वरून दिसायला धडधाकट, पण दवंडी देणाऱ्याचं तोंडच बांधलेलं. ते वाचलं त्या रात्री मी उठून तालमीपर्यंत चालत गेलो होतो. का, ते मलाही सांगता येणार नाही.

अजून लिहिणार होतो, पण आत्ताच मामांचा फोन आला. बंधाऱ्यावर ३६ फूट, आणि पाणी चढतंय. म्हशी वर न्यायला माणूस कमी पडतोय. निघतो.

तुझा,
बाळ्या